रस्ता कुणाच्या बापाचा?



सध्या एक नवा धर्म निघालाय. एकट्यानं लांब जायचा. गाडीवर टांग टाकायची, मोबाईल बंद करायचा, अनोळखी शहरात उतरायचं आणि परत येऊन सांगायचं की मला मी सापडलो. रविवारच्या पुरवण्या या सापडलेल्या माणसांनी भरून वाहतात. कुणी लडाखला सापडतो, कुणी गोकर्णला. हरवले कधी होते ते मात्र कुणी लिहीत नाही. पगारी रजा काढून हरवता येतं, ही सोयच म्हणायची.

या लेखांत एक वाक्य दर खेपेला असतं. रस्ता कुणाला जात विचारत नाही.

या वाक्याशी माझं भांडण आहे. डांबर काही विचारत नाही हे मलाही कळतं, मी मॅट्रिक आहे. पण डांबराच्या दोन्ही कडेला माणसं उभी असतात. ती विचारतात. हजारो वर्षं विचारत आलीत. आणि ज्याला कधीच कुणी विचारलं नाही, त्याला रस्ता मुका वाटतो यात नवल ते काय!

मी बपेऱ्याचा. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. महाराष्ट्र तिथं संपतो, पलीकडं बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. आमच्याकडं धान होतं, तलाव आहेत, तेंदूपत्ता आहे, तालुक्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत. इतकं सगळं असून पोट्टे जातात. नागपूरला जातात, पुण्याला जातात, मुंबईला जातात, बहुतेक वेळा एकटेच. त्याला आमच्याकडं ट्रिप म्हणत नाहीत. 'पोट्टा गेला' एवढंच म्हणतात. मी गेलो आणि आता मुंबईच्या गोदीत ठेकेदाराचा माणूस म्हणून ओझी उचलतो. रात्री कविता लिहितो. ते जाऊ द्या.

आधी रस्त्याचा इतिहास बघू, म्हणजे पुरवणीवाल्यांना कळेल आम्ही कुठून निघालो.

पाचव्या शतकात फाहियान नावाचा चिनी भिक्खू या देशात हिंडला. त्यानं लिहून ठेवलंय की चांडाळ नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतो, म्हणजे लोक बाजूला होतील. बघा, परक्या देशातून आलेला माणूस मोकळा फिरतोय आणि इथला माणूस स्वतःच्या गावच्या बाजारात लाकूड वाजवत चाललाय! पेशवाईच्या पुण्यात तर आमच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. थुंकी रस्त्यावर पडू नये, पाऊल रस्त्यावर राहू नये. मुक्ता साळवेनं 1855 साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. चौदा वर्षांची मांगाची पोर, सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतली. तिनं सांगितलं की बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याच्या मुंडक्याचा चेंडू करून खेळत. म्हणजे गुन्हा कोणता? चोरी नाही, खून नाही. रस्त्यानं चालला, हा गुन्हा.

1924 साली केरळात वैकमचा सत्याग्रह झाला. त्यातली मागणी पुन्हा वाचा. लोकांना देवळात शिरायचं नव्हतं. देवळाभोवतीच्या रस्त्यानं चालायचं होतं. त्यासाठी तुरुंग भोगले, पेरियार तमिळ मुलखातून येऊन तुरुंगात बसले. दीड वर्षाहून जास्त लढल्यावर 1925 च्या शेवटी काय मिळालं? तीन बाजूंचे रस्ते. चौथी बाजू बंदच. एका देवळाच्या चारातल्या तीन रस्त्यांसाठी माणसांनी पुरात गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, आणि इकडं हे म्हणणार रस्ता जात विचारत नाही.

मराठीतलं गाजलेलं प्रवासवर्णन कोणतं? 'माझा प्रवास'. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले. पुस्तक छापून आलं 1907 साली. मी ते वाचलंय, चांगलं आहे. भटजीचे हाल झाले, लुटले गेले, जिवावरचे प्रसंग आले. ते मी नाकारत नाही, गरीब माणूस होता. पण एक गोष्ट बघा. परमुलखात त्यांनी जात सांगितली की दार उघडायचं. तोच एक शब्द. त्यांच्या तोंडून निघाला की पान वाढलं जातं, आमच्या तोंडून निघाला की कडी लागते. प्रवासवर्णनाची ही शाखा मराठीत भरभरून वाढली. कडी लागलेल्यांची शाखा कुठंय?

आहे. बाबासाहेबांनी लिहून ठेवलीय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. छोटंसं लिखाण, पुस्तक म्हणून 1990 साली बाहेर आलं. ते वाचल्याशिवाय यापुढं कुणी मला प्रवासाबद्दल बोलू नये.

साल 1901. नऊदहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची पोरं साताऱ्याहून बापाला भेटायला निघाली. नवे कपडे, टोप्या, आगगाडीची हौस. मसूर स्टेशनवर उतरली. बाप आलेला नाही, पत्र पोचलेलंच नाही. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला, पोरं ब्राह्मणाची दिसली त्याला. महार म्हणल्याबरोबर तोंड फिरलं. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, वर गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. म्हणजे पैसा विटाळत नाही, पोरं विटाळतात! डब्यात खाणं भरपूर होतं. रात्री नाक्यावर पाणी मागितलं, मिळालं नाही. पाण्यावाचून घास उतरत नाही, म्हणून भरल्या डब्याजवळ पोरं उपाशी झोपली.

साल 1917. आता तो मुलगा कोलंबियात शिकून आलाय. बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला नव्या शहरात एकटा उतरला. जायचं कुठं? हिंदू हॉटेलात जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. एका हिंदू मित्राकडं विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडं विचारलं, दोघांनीही टाळलं. मग कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. हा आमच्या वाङ्मयातला एकट्या माणसाचा पहिला मोठा शहरप्रवास. पुरवणीत छापता का? मथळा काय द्याल, 'बडोद्यात मला मी सापडलो'?

आणि 1929, चाळीसगाव. महाराला बसवून टांगा हाकणं टांगेवाल्याला कमीपणाचं वाटलं. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, हाकायला आपलाच एक माणूस बसवला. त्यानं जन्मात टांगा हाकलेला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टरच्या जिवापेक्षा टांगेवाल्याची अब्रू भारी ठरली.

तुम्ही म्हणाल ही जुनी मढी का उकरतोस. 1950 साली घटना आली. कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी यांच्या बरोबरीनं रस्ता हा शब्द मुद्दाम लिहिलाय. कलम 19 मध्ये देशभर फिरायचा आणि कुठंही राहायचा हक्क दिलाय. रस्ता हा शब्द घटनेत का घालावा लागला, हे अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला समजावून सांगा बरं! ते लिहिणाऱ्याचा पाय त्याच रस्त्यावर मोडलेला होता. आणि त्याच माणसाला 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यानं पाडलं. ते आमच्या जिल्ह्याच्या कपाळावर कायमचं लिहिलंय.

आता माझं ऐका.

मुंबईत रात्रीची डिलिव्हरीची कामं मिळतात, गाडी पाहिजे, असं मावसभावानं कळवलं. म्हणून तुमसरातून जुनी मोटारसायकल घेतली आणि ती चालवतच निघालो. रेल्वेनं का नाही गेलास असं विचारणाऱ्यांनी गाडी पार्सल करायचा खर्च आणि माझा खिसा दोन्ही तपासावेत. टाकीवर निळा स्टिकर होता. जय भीम. निघताना बाप म्हणाला, "तो ष्टिकर काढून टाक बाप्पा. रस्त्यात कोन कसा भेटते, काय सांगता येते?" बाप भित्रा नाही. बिडी कारखान्याच्या संपात पुढं असायचा. पण 2015 साली शिर्डीत काय झालं ते त्यानं ऐकलंय. आपला एक तरुण तिथं लग्नाला गेला होता. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, तेवढ्यावरून त्याला हाल करून मारला. परक्या गावी एकटा गेलेला, रिंगटोनसकट गेलेला.

स्टिकर मी काढला नाही. पण ज्याचा बाप निघताना 'हेल्मेट घाल' म्हणतो आणि ज्याचा बाप 'ष्टिकर काढ' म्हणतो, ते दोघं एकाच रस्त्यानं चाललेत असं म्हणणारा माणूस एक तर मूर्ख आहे, नाही तर लबाड.

सिहोरा, तुमसर, मोहाडी. मोहाडी तालुक्यातच खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी, दोन मुलं. भांडणात एक मुद्दा त्यांच्या शेतातून काढायच्या रस्त्याचा होता. तिथून जाताना मी गाडी हळू केली नाही. आमच्याकडलं कुणी करत नाही.

नागपूरला समृद्धी महामार्ग सुरू होतो. नाव काय, तर समृद्धी! 701 किलोमीटर, दहा जिल्हे, सहा पदरी, ताशी 150 च्या वेगासाठी बांधलेला. डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला, जून 2025 मध्ये पुरा. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. तीनचाकीलाही. ज्याच्याकडं चार चाकं त्यालाच समृद्धी. चातुर्वर्ण्य म्हणतात ते दुसरं काय असतं रे? इथं वर्ण नाहीत, चाकं आहेत, एवढाच फरक, आणि चाकं कुणाकडं किती हे मोजायला बसलात तर तोही फरक फार उरत नाही.

सुरक्षेचं कारण सांगतात. मान्य, दीडशेच्या वेगात मोटारसायकल चिरडली जाईल. मग कडेनं तिच्यासाठी वेगळी वाट का नाही सोडली? इतक्या गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात दोन हात रुंदीची पट्टी बसली नाही? हा रस्ता बांधताना 1 ऑगस्ट 2023 ला शहापूरजवळ गर्डर उचलायचं यंत्र कोसळलं आणि वीस माणसं मेली. ती चारचाकीनं आली नव्हती. गोदीत आम्हीही तेच बघतो. जहाज आम्ही रिकामं करायचं, जहाजात आम्ही बसायचं नाही.

तर मी जुन्या रस्त्यानं गेलो. अमरावती, अकोला, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा. तीन दिवस. कंबर मोडली. बरंही वाटलं, खोटं का बोलू. अकोल्याच्या अलीकडं पहाटे कापसाच्या रानावर धुकं होतं. एका ट्रकवाल्यानं चूल पेटवली होती, मला हाक मारून चहा दिला, अर्धी रोटी दिली, आडनाव विचारलं नाही. ट्रकवाल्यांची एक वेगळी जात असते, ती मला आवडते. म्हणजे रस्त्याचं सुख आम्हाला कळत नाही असं कुणी समजू नये. आम्हाला ते चांगलं कळतं. ते कुठं संपतं हेही कळतं.

खानदेशातल्या एका शहरात संपलं. रात्रीचे दहा, पाऊस. एक लॉज, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्यानं आधी सांगितलं, रूम आहे, साडेचारशे. आधार कार्ड मागितलं. नाव वाचलं. दारातून बाहेर गाडीकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. मग म्हणाला, फुल्ल आहे. त्याच्या मागं फळीवर किल्ल्या टांगल्या होत्या. मी मोजल्या, नऊ. मी म्हणलं, या किल्ल्या कुणाच्या? तो म्हणाला, बुकिंग आहे. मी एस्टी स्टॅंडवर झोपलो.

आता पुरावा मागू नका. 1917 साली काठ्या घेऊन आले, म्हणून निदान इतिहासाला कळलं. आता काठी नाही, शिवी नाही. 'फुल्ल आहे' म्हणतात. मुंबईतला एजंट 'मालकाचा विचार बदलला' म्हणतो. सोसायटी 'फक्त शाकाहारी' म्हणते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सोबत्यांनी दिल्ली परिसरात भाड्याची घरं मागून बघण्याचा अभ्यास केला, 2015 साली तो छापून आला. तेच निघालं. सवर्ण आडनावाला घर, दलित आणि मुसलमान आडनावाला सबब. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात 'फुल्ल आहे' या शब्दांवर कलम कसं लावायचं, हे एखाद्या वकील दोस्तानं या अंकात लिहावं.

पण आमचेही प्रवास झालेत, आणि ते कुणाच्या बापाला जमणार नाहीत असे झालेत. नोव्हेंबर 1979. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं लॉंग मार्च निघाला, जोगेंद्र कवाडे पुढं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या. दिवसच्या दिवस पायी. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, लाठ्या घातल्या. आज समृद्धी त्याच बुलढाणा जिल्ह्यातून जाते. नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला. ते चालले तेव्हा कुणी त्यांना साहसी प्रवासी म्हणलं नाही, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणले.

आणि 2020. 24 मार्चला रात्री आठला टाळेबंदी सांगितली, चार तासांत देश बंद. माणसं चालायला लागली. सुरतेहून, मुंबईहून, पुण्याहून, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून चालत निघाले, थकून रुळांवरच निजले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरलेला तो फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. रस्त्यानं पोलीस मारत होते म्हणून माणसं रुळानं जात होती. त्याच महिन्यांत पुरवणीवाले घरात बसून लिहीत होते की प्रवासाची फार आठवण येते.

रडगाणं पुष्कळ झालं. मुद्द्याचं बोलतो.

अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा काळा माणूस होता. टपाल वाटायचा. पोस्टमन! 1936 साली त्यानं एक पुस्तिका काढली, 'ग्रीन बुक'. काळ्या माणसानं मोटार घेऊन निघावं तर कोणत्या गावात कोणतं हॉटेल आत घेतं, कुठं जेवण मिळतं, कुठं पेट्रोल देतात, कुठं कुणाच्या घरी रात्र काढता येते, याची यादी. गोऱ्यांच्या हॉटेलवाल्यांना शिव्या घालण्यात त्यानं पानं घालवली नाहीत. पत्ते दिले. वर्षानुवर्षं ती निघत राहिली. एक दिवस हे पुस्तक छापायची गरज उरणार नाही असंही त्यानं त्यात लिहून ठेवलं होतं. 1964 साली तिकडं नागरी हक्कांचा कायदा झाला, त्यानंतर दोनतीन वर्षांत पुस्तिका बंद पडली.

आपण पॅंथर हे नाव तिकडून घेतलं, 1972 साली. घोषणा घेतल्या, आवाज घेतला, कविता घेतली. ही पुस्तिका का नाही घेतली? आपल्याकडं 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि रात्री दहाला पावसात उभ्या असलेल्या पोराजवळ एक पत्ता नाही.

चळवळीतले काही शहाणे म्हणतील, वेगळी यादी म्हणजे वेगळा महारवाडा. आपल्याला सगळ्या लॉजमध्ये शिरायचंय, आपल्यापुरत्या जागा शोधायच्या नाहीत. वाक्य झकास आहे. व्यासपीठावर टाळ्या पडतील. पण ते बोलणाऱ्याला कार्यकर्ते स्टेशनवर घ्यायला येतात, त्याची झोपायची सोय आधी लागलेली असते. नर्सिंगला पहिल्यांदा पुण्याला निघालेल्या आमच्या पोरीला स्वारगेटला रात्री कोण घ्यायला येतं? लॉजवर खटला भरायचाच आहे. तो भरायला सकाळी जिवंत, झोप झालेलं आणि कोरड्या कपड्यातलं असावं लागतं. यादी आणि खटला, दोन्ही करायचं. जिथं नाकारलं त्या जागेचीही नोंद ठेवायची, तारीख-वेळेसकट. एकाच लॉजबद्दल दहा जणांनी दहा तारखांना तेच लिहिलं, तर 'बुकिंग होतं' ही थाप कोर्टात किती टिकते ते बघू.

आणि वस्त्यावस्त्यांतल्या विहारांच्या पंचमंडळींना विचारायचंय. फरशी बसवली, पंखे बसवले, दरवाज्याला स्टीलचं ग्रील बसवलं, मग रात्री कुलूप कुणासाठी? मूर्ती चोरून नेईल म्हणून? एक सतरंजी, एक माठ आणि किल्ली ज्याच्याकडं आहे त्याचा फोन नंबर, एवढं दारावर लिहा. भिक्खू संघ पावसाळ्यात मुक्काम करायचा त्याला विहार म्हणायचे. मुक्कामाची जागा होती ती, उद्घाटनाची नाही.

तर कामाला लागा. नागपूर ते मुंबई जुन्या रस्त्यापासून सुरुवात करू, माझ्या पायाखालचा आहे. मागून पुणे, सुरत, हैदराबाद. ज्याला जे ठाऊक आहे ते त्यानं या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावं. पोस्टकार्ड चालेल, मोबाईलवरून चालेल. गाव, रस्त्याची कुठली बाजू, रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, पैसे किती घेतले, आडनाव विचारलं का आणि विचारल्यावर काय झालं. पंक्चर काढणारा असेल तर तोही लिहा. कविता पाठवू नका, त्या माझ्याकडंच पुष्कळ पडल्यात. आणि बायांसाठी कडी लागणारा संडास आहे की नाही, हे पहिल्या ओळीत लिहा.